ऑप्टोकपलर लावला, आता ग्राउंड जोडली तरी चालते?

दोन सर्किट बोर्ड एकाच सिग्नल वायरनं एकमेकांशी बोलतात तेव्हा मधे ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणारी छोटी चिप, टाकतात. त्यामुळे बोर्डांमध्ये विजेची थेट वाट राहत नाही, यालाच आयसोलेशन म्हणतात. "मधे ऑप्टोकपलर टाकला की बोर्ड आयसोलेट झाले, मग ग्राउंड (सर्किटचा शून्य व्होल्टचा बिंदू) जोडली तरी चालते" हा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. जोडल्यावर डेटा नीट जातो, त्यामुळे तो खरा वाटणं साहजिक आहे. पण ग्राउंड जोडली की आयसोलेशन संपलं.

ऑप्टोच्या आत एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे प्रकाश पडला की चालू होणारा स्विच. मधे फक्त प्रकाश. बाहेरून ग्राउंडची तार ओढली की शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत भट्टीकडचा नॉइज त्याच तारेनं कंट्रोलरमध्ये शिरतो. दोन्ही बाजूंना एकच ५ व्होल्टचा सप्लाय दिला तरी तेच.

तपासायला वीज बंद करा, मल्टिमीटर ओहमच्या सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवा आणि दोन्ही ग्राउंडना प्रोब लावा. 'ओएल' (रेंजच्या बाहेर, म्हणजे जोड नाही) दिसायला हवं. आकडा शून्याच्या जवळ दिसला तर कुठेतरी जोड आहे. एकाच लॅपटॉपला दोन्ही बोर्डांच्या यूएसबी लावून पुन्हा मोजा, चोर बहुधा तिथंच सापडतो!

'एकच सिग्नल वायर' (लाइन) म्हणजे परतीची तार नको, असंही नाही. करंटला परत यावंच लागतं. फक्त ती तार लाइनच्याच बाजूच्या ग्राउंडची हवी, पलीकडची नको.

एक ऑप्टो एकाच दिशेला बोलतो, दुतर्फा बोलायला दोन लागतात. पलीकडच्या बोर्डावर दोन्ही एकाच पिनला उलटसुलट जोडले, तर एकानं लाइन खाली ओढली की दुसरा ती धरून ठेवतो आणि लाइन शून्यावर अडकते. म्हणून तिथं पाठवायची आणि घ्यायची पिन वेगळी ठेवा. पीसी८१७ हा नेहमीचा ऑप्टो असेल तर ९६०० बॉडवर (बॉड म्हणजे डेटाच्या वेगाचं माप) थांबा. १,१५,२०० ला तो पुरा पडत नाही.