डेटाटेबल्स: टेबल रीड्रॉ झाल्यावर सर्व्हरचा प्रतिसाद वाचणे

डेटाटेबल्स हे जेक्वेरी या लायब्ररीवर चालणारे जावास्क्रिप्ट प्लगइन साध्या एचटीएमएल टेबलला शोध, क्रमवारी आणि पाने यांची सोय देते. त्याचा सर्व्हर-साइड मोड चालू केला की पान बदलणे, शोधणे, क्रम लावणे या प्रत्येक कृतीला सर्व्हरकडे नवी विनंती जाते आणि ब्राउझरकडे फक्त चालू पानाच्या ओळी येतात. ओळी टेबल स्वतः मांडते. त्यांच्यासोबत आलेली बाकीची माहिती मात्र आपल्यालाच उचलून घ्यावी लागते.

समजा, बिलांच्या यादीत २,३४० नोंदी आहेत, शोधल्यावर १८६ उरल्या आणि पानावर १० दिसतात. तळाशी १८६ बिलांची बेरीज हवी आहे. फुटर-कॉलबॅकमध्ये (टेबलाचा तळ मांडताना प्लगइन बोलावते त्या आपल्या फंक्शनमध्ये) रकमेच्या कॉलमवर बेरीज केली तर ती १० बिलांचीच येते, कारण उरलेली १७६ ब्राउझरपर्यंत पोचलेलीच नसतात. एरर दिसत नाही, म्हणून ही चूक दिवसेंदिवस तशीच राहते. बेरीज सर्व्हरवरच, शोधाची तीच अट लावून करावी आणि जेसनमध्ये, म्हणजे सर्व्हर ज्या स्वरूपात प्रतिसाद पाठवतो त्यात, ड्रॉ, रेकॉर्ड्सटोटल (सगळ्या नोंदी), रेकॉर्ड्सफिल्टर्ड (शोधानंतर उरलेल्या) व डेटा या ठरलेल्या कींच्या (नावांच्या) शेजारी ‘एकूण’ अशी आपली की जोडून पाठवावी. प्लगइन तिच्याकडे लक्ष देत नाही, पण तिला टाकूनही देत नाही.

ती वाचण्याची सर्वांत सरळ जागा म्हणजे ड्रॉ-कॉलबॅक, म्हणजे दर वेळी टेबल मांडून (ड्रॉ) झाले की चालणारे आपले फंक्शन. त्यात ‘धिस.एपीआय()’ घेऊन त्यावर ‘अजॅक्स.जेसन()’ बोलावले की शेवटचा प्रतिसाद जसाच्या तसा हाती येतो. ही एपीआय (कोडमधून टेबल हाताळण्याची सोय) १.१० आवृत्तीत, २०१४ मध्ये आली. बाहेरचे ‘टेबल’ व्हेरिएबल इथे वापरू नये. पहिल्या ड्रॉच्या वेळी त्यात काहीच नसू शकते. इनिट-कम्प्लीट या टेबल तयार झाल्यावरच्या कॉलबॅकलाही जेसन मिळते, पण ते एकदाच चालते, त्यामुळे नवा शोध घेतल्यावर बेरीज जुनीच राहते.

एक्सएचआर इव्हेंटमध्ये (सर्व्हरचा प्रतिसाद आला की प्लगइन देते त्या सूचनेत) जेसन थेट पॅरामीटर म्हणून येते. मात्र तो नव्या ओळी मांडण्याआधी होतो, तेव्हा त्यात ओळी शोधल्यास जुन्याच सापडतात. पहिला प्रतिसादही पकडायचा असेल तर हा इव्हेंट टेबल सुरू करण्याआधी जोडावा. विनंती फसल्यास जेसनच्या जागी नल (रिकामे मूल्य) येते, ते तपासावे. ‘अजॅक्स’च्या (सर्व्हरला जाणाऱ्या विनंतीच्या) सेटिंगमध्ये स्वतःचे ‘सक्सेस’ लिहिणे ही नेहमीची चूक: ते प्लगइन आतून वापरते, आपण त्यावर लिहिले की टेबल ‘प्रोसेसिंग’वर अडकून बसते.

सर्व्हर-साइड मोड बंद असेल तर ड्रॉचा आणि प्रतिसादाचा संबंध तुटतो. डेटा येण्याआधी ‘लोडिंग’ दाखवणारा एक ड्रॉ होतो. त्या वेळी ‘अजॅक्स.जेसन()’ अनडिफाइंड असते, म्हणजे त्यात काहीच नसते, आणि थेट ‘एकूण’ वाचायला गेल्यास कोड तिथेच थांबतो. पुढे पान बदलले तरी विनंती जात नाही, तोच जुना प्रतिसाद पुन्हा मिळतो.

ड्रॉ-कॉलबॅकमधून विनाअट ‘ड्रॉ()’ किंवा ‘अजॅक्स.रीलोड()’ करू नये, विनंत्यांचे चक्र थांबत नाही. बटणांचे क्लिक हँडलरही (क्लिकवर चालणारा कोड) तिथे न जोडता टेबलावर एकदाच, डेलिगेट करून जोडावेत, म्हणजे आतल्या बटणांचे क्लिक टेबलच पकडते. टेबलावरचे हँडलर दर ड्रॉला जोडले तर पाचव्या पानापर्यंत एका क्लिकला पाच विनंत्या जातात.

ड्रॉची की हा विनंतीचा क्रमांक असतो. मागे पडलेला प्रतिसाद नंतर आला तर प्लगइन त्यावरूनच तो ओळखून मांडत नाही. सर्व्हरने तो पूर्णांकात बदलूनच परत पाठवावा, जसाच्या तसा परतवल्यास स्क्रिप्ट घुसवण्याची वाट मोकळी होते. डेटाबेसमधून रक्कम अनेकदा स्ट्रिंग म्हणून येते आणि अधिक चिन्हाने १२५० व ३०० यांचे १२५०३०० होते, म्हणून आधी तिची संख्या करावी. ‘टू-लोकेल-स्ट्रिंग’ला ‘एमआर-आयएन’ (मराठी, भारत) दिल्यास ती देवनागरी अंकांत, लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह छापली जाते.