ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते

'ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती कमी, गुळवेलीचा काढा घ्या' असा मेसेज फिरतो. कोकणात गुळवेल कुंपणावरच मिळते, त्यामुळे तो पटतोही. पण ल्युपस या आजारात प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते.

विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं बाहेर सोडतात आणि धोक्याचा इशारा देतात. ल्युपसमध्ये बहुतेकदा विषाणू नसतानाही तो इशारा चालूच राहतो आणि स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होतात. उन्हाने त्वचेच्या पेशी मरतात, तेव्हा हा इशारा आणखी भडकतो. म्हणून मासळी वाळत घालणाऱ्या रुग्णबाईच्या गालांवर, नाकाच्या दांड्यावर लाल चट्टा उठतो.

पडताळायचं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी वाचा. स्टेरॉइड प्रतिकारयंत्रणा दाबतं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तिला शांत करतं. २०२१ साली अमेरिकेत मान्य झालेलं अ‍ॅनिफ्रोलुमॅब तर इंटरफेरॉनचाच इशारा अडवतं. या रुग्णांना संसर्ग लवकर होतो हे खरं, त्यात औषधांचाही वाटा असतो. पण म्हणून औषध सोडू नका. काढा चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.