लोकल अपघात आणि नुकसानभरपाई (मुंबई)

मुंबईच्या उपनगरी गाडीतून पडून जखमी झालेल्या प्रवाशाला, किंवा तो दगावल्यास त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना, रेल्वेकडून मिळणारी कायदेशीर रक्कम. रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १२४-अ हा तिचा आधार. अर्ज रेल्वे दावा अधिकरणाकडे करायचा असतो आणि अधिकरणाचे एक खंडपीठ मुंबईत आहे. दिवाणी न्यायालयात किंवा ग्राहक आयोगापुढे हा दावा चालत नाही.

हे कलम १९९४ च्या दुरुस्तीने आले. त्याआधी गाड्यांची टक्कर होणे, गाडी रुळांवरून घसरणे अशा अपघातांपुरतीच भरपाईची तरतूद होती. मुंबईत माणसे दगावतात ती वेगळ्याच कारणांनी: दारातून पडून, फलाट आणि गाडी यांच्यातील पोकळीत सापडून, आणि सर्वाधिक रूळ ओलांडताना. उच्च न्यायालयात दाखल झालेल्या एका जनहित याचिकेतील आकडेवारीनुसार २०२३ या एका वर्षात उपनगरी मार्गांवर २,५९० जणांचा मृत्यू झाला.

कलम १२४-अ चा गाभा असा, की चूक कोणाची हा प्रश्नच विचारायचा नाही. प्रवासी गाडीतून अपघाताने पडला एवढे सिद्ध झाले की रेल्वे रक्कम देणे लागते. अपवाद पाच: आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेच्या किंवा वेडाच्या भरातील कृत्य आणि नैसर्गिक कारण किंवा आजार. प्रवाशाचा निष्काळजीपणा या यादीत नाही. तरीही ‘तो दारात लटकत होता, दोष त्याचाच’ हा बचाव रेल्वेकडून वर्षानुवर्षे घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रभाकरन विजय कुमार खटल्यात, चालू गाडीत चढताना पडणे हेही गाडीतून पडणेच, असा अर्थ लावला. उघड्या दारात उभे राहणे निष्काळजीपणाचे असेल, पण ते गुन्हेगारी कृत्य नव्हे, असे २०१० मध्ये जमीला खटल्यात म्हटले गेले. २०१८ च्या रीना देवी खटल्यात उरलीसुरली शंकाही फिटली: हेतू असल्याखेरीज ‘स्वतःहून करून घेतलेली इजा’ होत नाही. सकाळी साडेआठला डोंबिवलीहून जलद लोकल पकडणाऱ्याला दारात उभे राहण्याची हौस नसते, हे सांगायला खरे तर न्यायालय लागू नये.

दोषाचा प्रश्न बाजूला पडला, म्हणून सगळी लढाई दोनच मुद्द्यांवर येऊन ठेपते. माणूस गाडीत होता का, आणि त्याच्याकडे तिकीट होते का?

पहिल्या मुद्द्याचा निकाल बहुतेक वेळा अपघातानंतरच्या काही तासांत तयार झालेल्या कागदांवर लागतो. मोटरमन किंवा गार्डने दिलेली खबर, स्टेशन मास्तरचा मेमो, लोहमार्ग पोलिसांची आकस्मिक मृत्यूची नोंद (बोलीत ‘एडीआर’), पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि शेवटी रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकशीवर आधारलेला विभागीय रेल्वे व्यवस्थापकाचा अहवाल. मेमोत मजकूर फार नसतो: वेळ, अप की डाउन, धीमा की जलद मार्ग, किलोमीटर खांबाचा क्रमांक, आणि एक ओळ. त्या ओळीत ‘गाडीतून पडून’ लिहिले आहे की ‘रूळ ओलांडताना धडक’, यावर एका कुटुंबाचे आठ लाख अवलंबून असतात. रूळ ओलांडताना झालेला मृत्यू कलम १२४-अ मध्ये बसत नाही. उलट कलम १४७ नुसार ते अतिक्रमण, म्हणजे गुन्हा ठरते. त्या ठिकाणी पाहणारा कोणी नसतो. मग शरीरावरच्या जखमांवरून आणि मृतदेह कुठे सापडला यावरून तर्क चालतात. देह दोन तुकड्यांत सापडला तर रेल्वे ‘गाडीखाली आला’ म्हणते. पडलेला माणूस चाकांखाली ओढला जाऊ शकतो, असे उत्तर कुटुंबाचा वकील देतो. जखमी जिवंत असेल तर शीव, राजावाडी किंवा कळव्याच्या रुग्णालयातील केसपेपरवरची पहिली नोंद तितकीच मोलाची. जो सोबत जातो त्याने काय सांगितले, तेच तिथे उतरते, आणि सोबत गेलेला बहुधा अनोळखी हमाल किंवा पोलीस असतो.

फटका गँगचे प्रकार याच चौकटीत येतात. रुळांलगत, खांबाआड दबा धरलेला चोर दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारतो, मोबाइल खाली पडतो, कधी माणूसही. गाडीतील किंवा स्थानकाच्या आवारातील लूट व हिंसक हल्ला कायद्यात स्वतंत्रपणे नमूद आहेच, पण रुळांलगतच्या हल्ल्यात पडलेल्याला ‘गाडीतून पडणे’ हाच सोपा रस्ता असतो.

तिकिटाबाबत रीना देवी निकालाने मोठा दिलासा दिला. अंगावर तिकीट सापडले नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. कुटुंबाने प्रतिज्ञापत्रावर हकिगत मांडली की उलट सिद्ध करण्याचा भार रेल्वेवर जातो. पास असेल तर काम सोपे, कारण त्याची नोंद रेल्वेकडेच असते. फलाट तिकीट घेतलेली व्यक्तीही कलमाच्या संरक्षणात येते.

रक्कम नियमांनी ठरलेली आहे. मृत्यूसाठी ४ लाख रुपये होते, ते १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख झाले. जखमांसाठी परिशिष्टात अवयवानुसार दर आहेत. मोटार अपघात दाव्यात मृताचे वय आणि कमाई पाहून हिशेब होतो, इथे तसे नाही. हमाल असो की बँक अधिकारी, आकडा तोच. गरिबाला याचा फायदा होतो हे खरे, पण घरातला पंचविशीतला एकमेव कमावता गेला तर ८ लाख किती पुरणार? जुन्या अपघातांत त्या वेळची रक्कम व्याजासह आणि निकालाच्या दिवशीची रक्कम, यांपैकी जी जास्त ती द्यावी लागते.

प्रतिबंधाच्या बाजूने हालचाल झाली ती बहुतेकदा दुर्घटनेनंतर. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला पोकळीत सापडून एका विद्यार्थिनीने दोन्ही हात गमावले, तेव्हा फलाटांची उंची वाढवण्याचा विषय ऐरणीवर आला. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी पडले, त्यानंतर नव्या गाड्यांना आपोआप मिटणारे दरवाजे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले. अशा दारांची वातानुकूलित लोकल पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ पासून धावते आहे.

अर्जाची मुदत घटनेपासून एक वर्ष. सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ होतो. अर्ज अपघात घडला तिथल्या, अर्जदार राहतो तिथल्या किंवा प्रवास जिथे संपणार होता तिथल्या खंडपीठाकडे करता येतो, म्हणून कोकणात किंवा उत्तर प्रदेशात राहणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी मुंबईत मुक्काम ठोकावा लागत नाही. निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.