नवजात बाळांच्या परिचारिका आणि काळजीच्या पायऱ्या : पार्श्वभूमी

ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका आणि जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमधली (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातली) परिचारिका यांची ओळख बहुधा फोनवरच होते, तीही घाईगडबडीत. "सिस्टर, बाळ पाठवतेय, सतराशे ग्रॅमचं आहे." पलीकडून उत्तर येतं, "बेड नाही," किंवा "शुगर बघितली का?", आणि कधी कधी "एवढ्यासाठी कशाला पाठवता?" दोघी एकाच बाळासाठी धडपडत असतात, तरी फोन ठेवताना दोघींच्या मनात कडवटपणा उरतो. तो स्वभावाचा किंवा वयाचा दोष मानला जातो. त्याची खरी कारणं ही व्यवस्था ज्या क्रमाने आणि ज्या निकषांवर उभी राहिली, त्यात सापडतात.

पायऱ्यांची कल्पना अमेरिकेतून आली. तिथे १९६० च्या दशकात नवजात अतिदक्षता विभाग सुरू झाले. १९७१ मध्ये बाळाच्या फुप्फुसांना सतत हलका दाब देण्याची सीपॅपची पद्धत प्रसिद्ध झाली आणि कमी दिवसांची बाळं जगू लागली. असे विभाग प्रत्येक रुग्णालयात चालवणं शक्य नव्हतं, म्हणून १९७६ मध्ये प्रसूती रुग्णालयांची तीन पातळ्यांत विभागणी सुचवण्यात आली. २०१२ मध्ये नवजात काळजीच्या चार पातळ्या झाल्या. ही मोजपट्टी रुग्णालयांची होती : कोणती यंत्रं आहेत, कोणते तज्ज्ञ चोवीस तास हजर आहेत, शस्त्रक्रिया होते का. पण लवकरच ती माणसांना लावली जाऊ लागली. व्हेंटिलेटरवरचं बाळ सांभाळणारी ती 'खरी' परिचारिका आणि दूध पाजून बाळ वाढवणारी ती दुय्यम, असा समज तिथल्या विभागांतही रुजला. ज्याने कमी वजनाच्या बाळाला वाटी-चमच्याने दूध पाजलं आहे, त्याला हे मान्य होणार नाही. गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसला आहे का, बाळ दमलं की झोपलं, निळसर छटा ओठांवर आली की फक्त नखांवर, हे मॉनिटर सांगत नाही.

आपल्याकडे पातळ्या उशिरा आल्या. १९८० आणि ९० च्या दशकांत नवजात अतिदक्षता म्हणजे मुंबई-पुण्यातली मोठी रुग्णालयं आणि काही वैद्यकीय महाविद्यालयं. मुंबईत सायनच्या महापालिका रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूध पेढी सुरू झाली, त्याच काळात कितीतरी जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी स्वतंत्र खोलीही नव्हती. 'बाळाला पेटीत ठेवलंय' एवढंच घरच्यांना कळे, आणि ती पेटी बघणारी परिचारिका बालरुग्ण विभागातल्या इतर खाटाही सांभाळत असे.

याच काळात गडचिरोलीत उलट्या टोकाने काम झालं. गावातल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना घरोघरी नवजात बाळ तपासायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवलं गेलं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली होता. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत खालच्या पायरीवरचं काम किती मोलाचं असू शकतं, याचा याहून ठोस पुरावा महाराष्ट्राला दुसरीकडे शोधावा लागला नसता. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींमधून तो देशभर पोचला. रुग्णालयाच्या आतल्या पायऱ्या बांधताना मात्र हा धडा कुणी हाताशी घेतला नाही.

त्या आतल्या पायऱ्यांचा नमुना २००३ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाच्या जिल्हा रुग्णालयात तयार झाला. साध्या साधनांत, प्रशिक्षित परिचारिकांच्या जोरावर आजारी नवजात बाळांचा कक्ष चालू शकतो, हे तिथे दिसलं. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणं दवाखान्यांकडे वळली आणि जन्मलेल्या बाळाला सांभाळणार कुठे, हा प्रश्न प्रत्येक जिल्ह्यात उभा राहिला. २००९ मध्ये प्रसूतिगृहातल्या कर्मचाऱ्यांसाठी नवजात पुनरुज्जीवनाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण सुरू झालं. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनी रचना पक्की केली : प्रसूती होते तिथे नवजात बाळाच्या काळजीचा कोपरा, ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जाच्या ठिकाणी बाळाची तब्येत सावरायला चार खाटांचा स्थिरीकरण कक्ष, जिल्ह्याला किमान बारा खाटांचं एसएनसीयू, आणि व्हेंटिलेटर व मोठ्या शस्त्रक्रियांसाठी त्याच्या वरची केंद्रं.

आजच्या बहुतेक कुरबुरी या रचनेतल्या एका निर्णयापाशी येऊन थांबतात. जन्मवजन १८०० ग्रॅमपेक्षा कमी किंवा गर्भाचे ३४ आठवडे पूर्ण नसलेलं बाळ एसएनसीयूत दाखल करायचं, त्यावरचं, तब्येतीने ठीक असलेलं बाळ स्थिरीकरण कक्षात किंवा आईजवळ ठेवायचं. रेषेमागचं शास्त्र चुकीचं नव्हतं. ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो आणि १८०० ग्रॅम हे त्या वयाचं ढोबळ वजन आहे. पण ज्या भागांत आईचंच वजन चाळीस किलोच्या आसपास असतं, तिथे पूर्ण दिवसांची, पण पोटातच कमी वाढलेली बाळं पुष्कळ जन्मतात. असं १७०० ग्रॅमचं बाळ खणखणीत रडतं, अंगाला घट्ट चिकटतं आणि छान ओढतं. उलट १९०० ग्रॅमचं, पण ३३ आठवड्यांचं बाळ पहिल्या दिवशी शांत दिसतं आणि दुसऱ्या दिवशी दूध पाजताना निळं पडतं. पाळीची तारीख नक्की आठवत नसेल, सोनोग्राफी उशिरा झाली असेल, तर आठवडे कागदावरून कळत नाहीत. मग तळपायावरच्या रेषा, कानाच्या पाळीची लवचीकता, स्तनाग्राखालची गाठ बघून अंदाज करावा लागतो, आणि प्रसूतिगृहात हे बघणारी पहिली व्यक्ती बहुतेक वेळा परिचारिकाच असते.

वजनकाट्याची रेषा लिखित, परिचारिकेचा अंदाज तोंडी. वाद झाला की लिखित रेषा जिंकते. सतराशेचं ठणठणीत बाळ ठेवलं आणि काही बिघडलं, तर 'नियमात नसताना का ठेवलं' हे तिला विचारलं जातं. पाठवलं, तर वर पोचल्यावर 'चांगल्या बाळाला उगाच हलवलं' हे ऐकावं लागतं. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, मध्ये मेळघाटातला घाटरस्ता. आई सिझेरियनची असेल तर मागेच राहते, बाळ आजीच्या मांडीवर निघतं. पोचल्यावर बगलेतलं तापमान ३५.५ निघालं की केसपेपरवर 'थंड अवस्थेत दाखल' अशी नोंद होते. नोंद खरीच असते. पण निघताना बाळ पुसून, टोपी घालून, आजीच्या छातीशी बांधून दिलं होतं, साखर तपासली होती, व्हिटॅमिन के दिलं होतं, हे त्या ओळीत येत नाही. खालच्या परिचारिकेच्या कामाचा वर पोचणारा एकमेव पुरावा म्हणजे तिच्या हातून सुटलेली गोष्ट.

माझ्या मते १८०० ची रेषा असायला हरकत नव्हती. तिच्याजवळ परिचारिकेच्या मूल्यमापनाला लिखित जागा न देणं ही खरी उणीव होती, आणि अनादराची सवय तिथूनच लागली. नियमाने वरच्या परिचारिकेलाही कोंडीत पकडलं आहे. बारा खाटांच्या कक्षात वीस-बावीस बाळं असताना, तीन-चार बाळांमागे एक परिचारिका हे प्रमाण पाळीच्या तक्त्यावरच राहतं. तिच्या तोंडचं 'बेड नाही' हे तुच्छतेचं बोलणं नसतं. समोरच्या एकाच वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या खाटेवर, दोन बाळं निजवून ती बोलत असते.

प्रशिक्षणाची दिशा हा दुसरा धागा. एसएनसीयूच्या परिचारिकेला चार दिवसांचे वर्ग आणि त्यानंतर मोठ्या केंद्रात दोन आठवडे प्रत्यक्ष काम, अशी आखणी होती. शिकायला नेहमी वर जायचं. वरच्या केंद्रातल्या परिचारिकेने आठवडाभर ग्रामीण रुग्णालयात थांबावं, एकटीने प्रसूतिगृह आणि कोपरा दोन्ही बघावं, रात्री दोन वाजता डॉक्टर येईपर्यंत बाळाला श्वास देणारी अंबू पिशवी दाबत राहावं, अशी सोय कुठल्याच टप्प्यावर केली गेली नाही. ती केली असती तर फोनवरचे अर्धे प्रश्न बदलले असते, असं मला ठामपणे वाटतं. प्रशिक्षित परिचारिकेला या विभागातून हलवू नये हा आग्रहही जिल्हा पातळीवर जितका धरला गेला, तितका स्थिरीकरण कक्षात धरला गेला नाही. तिथली शिकलेली परिचारिका सहा महिन्यांत बाह्यरुग्ण विभागात, लसीकरणाला किंवा शिबिराच्या ड्युटीवर जाते आणि तिच्या जागी आलेलीला सगळं नव्याने शिकावं लागतं. तिला 'काही येत नाही' म्हणणं मग सोपं जातं.

त्यात नेमणुकीचा प्रकार मिसळला. एसएनसीयूंच्या अनेक जागा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या निधीतून कंत्राटी भरल्या गेल्या. त्यामुळे एकाच पाळीत, एकाच वॉर्मरपाशी नियमित अधिपरिचारिका आणि कंत्राटी परिचारिका उभ्या राहिल्या : काम एक, पगार आणि रजा वेगवेगळ्या. कौशल्याने वरची असलेली मुलगी सेवेच्या पायरीवर खालची ठरली. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूला आग लागली, १० बाळं दगावली, ७ वाचली. पुढच्या कारवाईत नियमित सेवेतल्यांच्या वाट्याला निलंबन आलं आणि कंत्राटी परिचारिकांच्या वाट्याला सेवासमाप्ती. चौकशीत दोष कुणाचा निघतो हा वेगळा विषय. पण त्या दिवसांत कंत्राटी परिचारिकांना आपली जागा नेमकी कळली आणि ती सल गेलेली नाही. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या राज्यव्यापी संपात समायोजनाची, म्हणजे नियमित सेवेत सामावून घेण्याची, मागणी मुख्य होती.

आकड्यांनीही दुरावा वाढवला. एसएनसीयूत त्याच रुग्णालयात जन्मलेली बाळं आणि बाहेरून आलेली बाळं वेगळ्या खोल्यांत ठेवतात. जंतुसंसर्ग पसरू नये म्हणून ते योग्यच आहे. नोंदीही वेगळ्या होतात आणि बाहेरून आलेल्या बाळांचा मृत्युदर बहुतेक ठिकाणी जास्त निघतो. आढावा बैठकीत तो पाठवणाऱ्यांचा दोष म्हणून वाचला जातो. पण बाहेरून येतात ती बाळं मुळातच जास्त आजारी असतात, उशिरा निघालेली असतात, आणि त्यांतली काही खाजगी दवाखान्यातला पैसा संपल्यावर आलेली असतात. स्थिरीकरण कक्षाने सांभाळलेलं, कधीही वर न आलेलं बाळ या आकड्यांत मोजलंच जात नाही.

गेल्या काही वर्षांत ही रचना हलू लागली आहे, ती कांगारू काळजीमुळे, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवण्यामुळे. बोगोटामध्ये १९७८ च्या सुमारास सुरू झालेली ही पद्धत आपल्याकडे बराच काळ 'बाळ स्थिर झाल्यावर' देण्याची गोष्ट होती. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. १००० ते १७९९ ग्रॅम वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच, स्थिर होण्याची वाट न बघता आईच्या छातीशी ठेवलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. २०२२ च्या जागतिक शिफारशींनी हीच दिशा धरली आणि आपल्याकडे आई-बाळ एकत्र राहतील अशा कक्षांचं धोरण पुढे आलं. हा अभ्यास मोठ्या रुग्णालयांतला होता. तो उचलून थेट चार खाटांच्या कक्षाला लावता येणार नाही. पण आता ज्या कौशल्याची गरज वाढली आहे ते, म्हणजे आईला बसवणं, बाळ बांधणं, चीक काढायला शिकवणं, वाटीने पाजणं, खालच्या पायरीवरच्या परिचारिका वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. बरं होत आलेलं बाळ गावाजवळच्या स्थिरीकरण कक्षात परत पाठवायचं ठरलं, तर वरच्या परिचारिकेला पहिल्यांदाच खालच्या परिचारिकेकडे बाळाची सविस्तर सूत्रं सोपवावी लागतील : किती दूध, किती तासांनी, वजन कधीपासून वाढतंय, आई कशाला घाबरते. १८०० च्या रेषेचा फेरविचार करायचा असेल, तर त्या बैठकीला या दोन्ही पायऱ्यांवरच्या परिचारिकांना बोलावलं पाहिजे, आणि स्थिरीकरण कक्षातलीला आधी बोलू दिलं पाहिजे.