९८.६ हा आकडा आला कुठून?

पावसाळ्यात ठाण्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोच्या बातम्या सुरू झाल्या की कळव्यापासून घोडबंदर रोडपर्यंत घरोघरी थर्मामीटर बाहेर निघतो. संध्याकाळी मुलाला ९९.१ भरला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. ज्या आकड्याशी ताडून आपण एवढे घाबरतो, तो दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या लाइपझिग शहरात ठरला.

तिथल्या कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या काखेतलं तापमान पुन्हा पुन्हा मोजलं आणि १८६८मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा थर्मामीटर फूटभर लांब होता, तो बराच वेळ काखेत धरून बसावं लागे. निरोगी माणसाची सरासरी त्यांनी ३७ अंश सेल्सिअस सांगितली. फॅरनहाइटमध्ये त्याचे होतात ९८.६. दशांशचिन्हापुढचा तो ६ निव्वळ गणितातून आलाय, आणि त्याच्यामुळेच हा आकडा आहे त्याहून जास्त काटेकोर वाटतो. तापमान पहाटे उतरतं, संध्याकाळी चढतं, हेही वुंडरलिश यांनी लिहून ठेवलं होतं. लोकांनी लक्षात ठेवली ती फक्त सरासरी. ब्रिटिश वैद्यकात ९८.४ रूढ होता, म्हणून जुनी मंडळी तो सांगतात.

त्याच दशकात इंग्लंडमध्ये थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची, पाच मिनिटांत ताप दाखवणारा थर्मामीटर आणला. पुढे घराघरांत आलेल्या काचेच्या नळीत बल्बाजवळ एक अरुंद जागा असते. चढलेला पारा तिथे अडतो, आपोआप खाली येत नाही, म्हणून थर्मामीटर झटकायचा.

१९९२मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी प्रौढांचं तोंडातलं तापमान मोजलं गेलं. सरासरी निघाली ९८.२. सकाळी सहाला ते सर्वांत कमी, दुपारी चार ते सहाच्या दरम्यान सर्वांत जास्त, आणि निरोगी माणसाची वरची मर्यादा ९९.९पर्यंत. म्हणजे खेळून आलेल्या, नीट जेवणाऱ्या मुलाचा संध्याकाळचा ९९.१ हा ताप धरायचं कारण नाही. ताप सहसा १००.४पासून धरतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र तेवढा भरला तर वाट न बघता डॉक्टरांकडेच न्यावं.

थर्मामीटरमधल्या पाऱ्याची उतरती कळा २०१३च्या मिनामाता करारामुळे, म्हणजे पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे, आणखी वाढली. भारतही त्यात २०१८मध्ये सामील झाला. मग कोविड आला आणि वाशी-नेरूळच्या सोसायट्यांच्या गेटवर वॉचमनच्या हाती इन्फ्रारेड गन आली. ती कपाळाच्या कातडीची उष्णता वाचते, त्यामुळे उन्हातून किंवा एसीतून आल्या आल्या घेतलेल्या आकड्यावर विसंबू नये. घरी डिजिटल थर्मामीटर बरा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक डिग्री कमी भरतो. म्हणून डॉक्टरांना फोनवर ताप सांगताना तो कुठे आणि किती वाजता मोजला, हेही सांगा.