फाशाने निवडलेला पासवर्ड

नवे खाते उघडताना संकेतस्थळ आपल्याला अट घालते: निदान आठ अक्षरे, त्यांत एक कॅपिटल, एक अंक आणि एक चिन्ह. मग बहुतेक माणसे एकाच वाटेने जातात. ओळखीचे नाव घेतात, त्याचे पहिले अक्षर कॅपिटल करतात, पुढे अ‍ॅट चिन्ह आणि शेवटी १२३ किंवा जन्मसाल लिहितात. अट पूर्ण होते, पण पासवर्ड फोडणाऱ्यालाही हा साचा तोंडपाठ असतो.

या अटींच्या प्रसारामागे अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २००३ मध्ये काढलेली मार्गदर्शिका मोठ्या प्रमाणात होती. तिचा संबंधित भाग लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, असे मोकळेपणाने सांगितले. त्याच वर्षी निस्टने भूमिका बदलली आणि चिन्हे-अंकांची सक्ती नको, ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणेही नको, त्याऐवजी लांबीला महत्त्व द्यावे, असे सुचवले.

लांबी का महत्त्वाची, हे समजण्यासाठी पासवर्ड चोरीला कसा जातो ते पाहावे लागेल. नीट चालवलेले संकेतस्थळ आपला पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. गणिती प्रक्रियेतून त्याचा ‘हॅश’ तयार करून तो साठवते. हॅशवरून मूळ शब्द उलटा काढता येत नाही. त्यामुळे हॅशची यादी हाती लागलेला चोर एकेक अंदाज घेतो, त्याचा हॅश काढतो आणि तो यादीत आहे का ते ताडून पाहतो. हे काम तो आपल्या घरी, आपल्या यंत्रावर करतो, त्यामुळे ‘तीन वेळा चुकलात तर खाते बंद’ हा पहारा तिथे लागू होत नाही. एमडी५ ही जुनी पद्धत वापरलेली असेल, तर एकच उच्च दर्जाचे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १०,००० कोटींहून अधिक अंदाज तपासू शकते. इंग्रजीच्या लहान लिपीतल्या आठ अक्षरांचे सगळे मेळ सुमारे २०,९०० कोटी, म्हणजे दोन सेकंदांचे काम. कळफलकावरची सगळी ९५ चिन्हे घेतली, तरी आठ जागांचे सगळे मेळ या वेगाने साधारण १८ तासांत संपतात. शिवाय चोर सुरुवात ओळखीच्या शब्दांपासून करतो. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून सुमारे ३.२ कोटी पासवर्ड उघड्या स्वरूपात चोरीला गेले. त्यांत सर्वांत जास्त वेळा आढळलेला पासवर्ड १२३४५६ हा होता, आणि ती यादी आजही अंदाजांसाठी वापरली जाते.

मला यातली खरी अडचण वेगळी वाटते. माणसाच्या मनाला यादृच्छिक निवड करताच येत नाही. आपण ‘काहीतरी वेगळे’ सुचवतो तेव्हाही ते आपल्या आवडीतून, गावातून, देवघरातून येते. पाठ असलेला अभंगाचा चरण लांब असतो, पण तो छापील आहे, म्हणून अंदाजाच्या यादीत जाऊ शकतो. त्यामुळे निवड मनाकडून काढून घेऊन फाशाकडे द्यावी. १९९५ मध्ये अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी ‘डाइसवेअर’ नावाने हीच युक्ती मांडली: ७,७७६ शब्दांची क्रमांक दिलेली यादी घ्यायची, फासा पाच वेळा टाकायचा आणि पडलेल्या पाच आकड्यांच्या क्रमांकाचा शब्द उचलायचा. असे सहा शब्द घेतले की मेळांची संख्या २२ वर २२ शून्ये इतकी होते, आणि वर सांगितलेल्या वेगाने ते सगळे तपासायला सुमारे ७०,००० वर्षे लागतील. यादी चोराकडे आहे, असे धरूनच हा हिशेब केलेला आहे. गुपित असते ते फक्त पडलेल्या दानांचे.

म्हणून मराठी शब्दांची यादी घरी करायलाही हरकत नाही. १,२९६ सोपे शब्द जमवले तर प्रत्येकासाठी चार दाने पुरतात. सात शब्द घेतले की २८ दाने होतात, आणि त्याच वेगाने हा हिशेब साधारण १,९०० वर्षांवर जातो. सापशिडीतला फासा चालतो. आपले शब्द रोमन लिपीत टंकायचे असल्याने यादी करतानाच प्रत्येकाचे स्पेलिंग पक्के करावे, कारण ‘वांगे’ लिहिताना व्ही की डब्ल्यू, ए एकदा की दोनदा, हा गोंधळ नंतर खात्याबाहेर उभे करतो. आणि पडलेले दान आवडले नाही म्हणून पुन्हा टाकू नये. तिथे आपली आवड मागच्या दाराने परत येते.

पाठ करण्याचे काम मात्र मनाचे, आणि त्यात ते तरबेज आहे. समजा दाने पडून मुंगूस, विजार, कंदील, पखवाज, ताक, शिडी, सुपारी हे शब्द आले. मुंगूस विजार घालून कंदिलाच्या उजेडात पखवाज वाजवते, ताक पिते, शिडीवर चढते आणि वर बसून सुपारी फोडते: हे चित्र दोनदा डोळ्यांसमोर आणले की क्रमासह लक्षात राहते. (हे सात शब्द आता छापले गेले, तेव्हा ते कोणी वापरू नयेत.)

प्रत्येक खात्यासाठी असे चित्र रचणे अशक्य आहे, आणि एकच पासवर्ड सगळीकडे वापरणे घातक, कारण एका ठिकाणचा चोरलेला पासवर्ड चोर लगेच दुसरीकडे लावून पाहतात. म्हणून बाकीचे पासवर्ड पासवर्ड व्यवस्थापक या प्रणालीला बनवू आणि साठवू द्यावेत. फाशाचे सात शब्द त्या प्रणालीचे कुलूप उघडण्यासाठी ठेवावेत, आणि ईमेलसाठी वेगळे सात. ईमेलचे यासाठी, की इतर बहुतेक खात्यांचे विसरलेले पासवर्ड तिथूनच बदलता येतात. पहिले काही दिवस हे शब्द कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवले तरी चालेल. दूर देशातून अंदाज घेणाऱ्या यंत्राचा हात त्या कपाटापर्यंत पोहोचत नाही.