छर्ऱ्याला व्हर्नियर लावू नका (१० मीटर एअर रायफल नव्यानं घेतलेल्यांसाठी)

"छर्ऱ्यांच्या डबीवर ४.५० मिमी लिहिलंय, आमच्या व्हर्नियरवर (बारीक माप घ्यायचं हत्यार) ४.४७ येतंय, डबी बदलून द्या." काउंटरवर हे इतक्यांदा ऐकायला लागतंय की शेवटी कागदावरच उतरवून काढलं. डबीबरोबर हा कागद पण घेऊन जावा, कन्नडमधला पण ठेवलाय, पाहिजे तर मागून घ्या.

ही तक्रार आमच्याकडं जास्त का येते ते पण कळतंय की. पोराला नाहीतर पोरीला रायफल घेऊन देणारे बरेचसे पप्पा बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात लेथवर नाहीतर सीएनसीवर आहेत, घरात डिजिटल व्हर्नियर असतोच, आणि दहा मायक्रॉन (०.०१ मिमी) इकडंतिकडं झालं की जॉब, म्हणजे बनवलेला पार्ट, रिजेक्ट, हे हाडात बसलेलं. सवय चांगली आहे, पण ती स्टीलच्या जॉबची. छर्रा मऊ शिश्याचा.

आता छर्रा हातात घेऊन बघा. पुढं सपाट हेड, मधे बारीक कंबर, मागं पोकळ स्कर्ट. डबीवरचं ४.४९, ४.५० हे माप हेडचं असतंय. स्कर्ट मुद्दाम हेडपेक्षा मोठा ठेवलेला असतो, मागून हवेचा दाब आला की तो फुगून बॅरलला चिकटतो आणि हवा गळू देत नाही, त्यामुळं स्कर्टवर माप घेतलं तर जास्तच येणार, आणि "एवढा मोठा कसा" म्हणून फोन करणारे पण आहेत. दुसरं म्हणजे साध्या व्हर्नियरचा लीस्ट काऊंट, म्हणजे त्याला वाचता येणारं सगळ्यात बारीक माप, ०.०२ मिमी. डिजिटलच्या स्क्रीनवर ०.०१ दिसतंय खरं, पण त्याची अ‍ॅक्युरसी पण ०.०२ इकडंतिकडं. तुम्ही शोधताय ४.४९ आणि ४.५० मधला फरक, म्हणजे ०.०१, मग तो सापडणार कुठं? मायक्रोमीटर आणला तरी त्याच्या टोकाचा रॅचेट (फिरवायचा खटका) कट्-कट् वाजेपर्यंत शिसं दबलेलं असतंय.

आणि खरा घोळ पुढंच आहे. मापून झालं की तेच छर्रे परत डबीत जातात. व्हर्नियरच्या जॉमध्ये (जबड्यात) धरलेला छर्रा उजेडात फिरवून बघा, हेडच्या कडेला समोरासमोर दोन बारीक चपटे पट्टे चमकतात, स्कर्ट धरला असेल तर तो गोल न राहता किंचित अंड्यासारखा झालेला असतो. असले छर्रे मारले की एखादा मधेच बाहेर फेकला जातो, मग साईट फिरवा, स्टॉक (रायफलचा दस्ता) बदला, कोचला विचारा, पोराचा सगळा आठवडा त्यात जातो आणि शेवटी नाव छर्ऱ्याचं. म्हणून उघडलेली डबी आम्ही परत घेत नाही. राग मानू नका, पण तुमच्या जॉमधून गेलेला छर्रा दुसऱ्याच्या पोराला विकायचा का आम्ही?

मग माप बघायचं कसं? कागदावर. रायफल वाईसमध्ये (शिकंज्यात) मऊ पट्टी घालून धरायची, १० मीटरवर साधा पांढरा कागद लावायचा, एका मापाचे पाच-पाच छर्रे एकाच जागी मारायचे, मग दुसरं माप, मग तिसरं. ज्याचं भोक सगळ्यात कमी पसरलं ते तुमच्या बॅरलचं माप, आकडा काही का असेना. एका कंपनीचा ४.५० बसला म्हणून दुसऱ्या कंपनीचा ४.५० बसेलच असं नाही. मित्राच्या रायफलला कुठला लागतो ते विचारून घेऊ नका, दोन्ही रायफली एकाच मॉडेलच्या असल्या तरी बॅरल वेगळी असते. टेस्टच्या आधी बॅरल साफ करा आणि स्टॉकचे स्क्रू घट्ट आहेत का बघा, हे बरेचजण विसरतात.

रायफलला हे सगळं एवढं का, तर टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिमीचा, आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर पाव मिमी सरकलं की ०.१ पॉइंट गेला. पिस्तूलवाल्यांचा दहाचा गोल ११.५ मिमीचा, त्यांनी सुरुवातीला हा ताण घेऊच नका, चांगल्या मॅच छर्ऱ्याची एक डबी घ्या आणि ट्रिगरवर मेहनत करा.

बघायला म्हणून पाचशे छर्ऱ्यांच्या तीन-चार डब्या घेऊ नका, पैसे जातात. आमच्याकडं वेगवेगळ्या हेडचे थोडे-थोडे छर्रे घातलेलं टेस्ट पाकीट मिळतंय, एकेक छर्रा वेगळ्या खाचेत, प्रवासात पण दबत नाही. रविवारी सकाळी दुकानामागची लेन आणि वाईस मोकळा असतो, पाकीट आमच्याकडचं असेल तर लेनचे पैसे नाहीत. निपाणी, चंदगड, खानापूरवाल्यांनी आधी फोन करून यावं, नाहीतर हेलपाटा होईल. छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुवूनच चहा-नाष्टा करायचा, शिसं पोटात जाऊ देऊ नका, लहान पोरांच्या बाबतीत तर हे बघाच.

माप ठरलं की डबीवरचा लॉट नंबर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लॉट बदलला की तोच आकडा असून ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पसारा) बदलू शकतो, त्यामुळं मॅचच्या सीझनला लागतील तेवढ्या डब्या एकाच लॉटच्या घेतलेल्या बऱ्या. निम्मे पैसे भरले तर तुमच्या लॉटच्या डब्या आम्ही नाव घालून बाजूला ठेवतो, लागतील तशा घेऊन जावा.